नववा ठोका

डिसेंबरात डंडीत तीनलाच दिवा लावावा लागतो.
खिडकीखाली टे नदी, जस्ताच्या पत्र्यासारखी,
आणि टेबलावर सेन्सर, करंगळीएवढा.
सामन माशांच्या पिंजऱ्यातला प्राणवायू मोजायला घडवलेला,
तीन दिवस माझ्याशी धड न बोलणारा.

दोनच तारा. एक वेळेची, एक बोलण्याची.
दोन्ही मुळात वरच असतात, रेझिस्टरनं धरून ठेवलेल्या.
बोलायचं म्हणजे खाली ओढायची, आणि सोडून द्यायची.
सात बिटांत नाव, आठव्यात काय हवंय ते,
नवव्या ठोक्याला आपण गप्प बसायचं:
ज्याचं नाव घेतलं त्यानं ओ द्यायची.

त्याआधी व्होल्टेज विचारायचं.
हे मी दोन चिपा जाळून शिकले.
साडेतीनलाही न पोचणारा जीव,
पाच व्होल्टनं हाक मारली
तर ओ येत नाही, वास येतो.

कॉम्प्युटरला जोडू कशानं?

एक अडॅप्टर अडीच पौंडाचा, लाल, नखाएवढ्या दिव्याचा,
सोबत एक चिमुकली सीडी,
जी घालायला या अख्ख्या इमारतीत एक खाच उरलेली नाही.
दुसरा निळ्या पेटीतला, तीनशे दहा पौंड,
फक्त कॅटलॉगमध्ये पाहिलेला.
खरेदी खात्यातल्या मिसेस प्रिंगलनी विचारलं,
"दोन तारांसाठी?"
मला इंग्रजीत उत्तर सुचलं नाही.
घरी जाताना बसमध्ये मराठीतही सुचलं नाही.

लाल अडॅप्टर लावला.
नाव घेतलं, ओ आली. लगेच.
मग आकडा मागितला तर
दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न.
एवढा प्राणवायू टेच्या पाण्यात काय,
हवेतसुद्धा नसेल.
घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना.
केबल बदलली. रेझिस्टर बदलला.
सेन्सरला शिवी दिली, आईकडची, हलक्या आवाजात.

फर्गस ऑक्टरलोनी मागं येऊन उभा होता.
एकतीस वर्षं या खोलीत. 'क' आला की अडतो.
मीटिंगमध्ये लोक त्याचं वाक्य
त्याच्या आधी संपवून मोकळे होतात.
मीही संपवलंय. चुकीचं संपवलंय.

त्यानं स्कोपकडे बोट केलं.
"क," म्हणाला. "क…"
मी 'केबल' म्हणणार होते. ओठापर्यंत आलं होतं.
"क्लॉक," म्हणाला.

पडद्यावर वेळेची तार खाली पडलेली,
ठोक्यांच्या मधेच, लांबच लांब सपाट.
कुणीतरी धरून ठेवलेली.
मेला नव्हता तो. मोजत होता.
ऐंशी मिलिसेकंद लागतात त्याला
पाण्याला विचारून यायला,
तोवर दोरीचं टोक घट्ट पकडून म्हणत होता: थांब, आलो.
आणि लाल अडॅप्टर पुढचे ठोके देत सुटला होता,
रिकाम्या तारेला आकडा समजून टिपून घेत.

फर्गसनं खालच्या खणातून स्वतःचा काढला.
जुन्या प्रिंटरच्या पोर्टात बसणारा, हातानं डाग दिलेला,
त्याच्यासाठी विटेसारखा एक लॅपटॉप,
जो सुरू होईतो चहा होतो.
चहा झाला.
बादलीत सेन्सर सोडला, नाव घेतलं.
त्याच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे:
तार वर येईपर्यंत पुढचा ठोका देऊ नकोस.

आठ पॉइंट चार.
नळाचं पाणी, सुस्कारा टाकावा असं साधं.

पण पिंजरे आर्ब्रोथच्या पुढे समुद्रात,
तिथे वीट नेता येत नाही.
म्हणून निळ्या पेटीचा फॉर्म भरला.
मॅन्युअलचं एकशे बारावं पान जोडलं.
'कारण' या चौकटीत लिहिलं: याला थांबता येतं.

मिसेस प्रिंगलनी परत पाठवला आहे.
पेन्सिलीनं विचारलंय, म्हणजे काय.