बर्फाला घाम येईपर्यंत

पाटी हाताने रंगवलेली,
खाऱ्या वाऱ्याने निम्मी अक्षरं खाल्लेली.
खिडकीत मिसेस अराकाकी,
डोक्याला टॉवेल, चष्मा दोरीने गळ्यात.
म्हणाल्या, बर्फ अजून तयार नाही.

बर्फ तर समोरच होता,
ओट्यावर, विटेएवढा, गार वाफ सोडत.
नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं:
तयार नाही म्हणजे काय?
बर्फ म्हणजे काय भात आहे?

त्याच्या फोनात यादी होती.
चारला दरी, साडेपाचला धबधबा,
सहा बेचाळीसला सूर्यास्त, पार्किंगसाठी वीस मिनिटं आधी.
सुट्टी त्याने वड्यांसारखी कापली होती
एकही कोपरा वाया न घालवता.

मोमिलानी, त्यांच्या नातवाची बायको,
सरबतांच्या बाटल्या पुसता पुसता म्हणाली,
पेटीतून नुकता काढलेला बर्फ रागात असतो.
पात्याला लावला की फुटतो, ठिकऱ्या उडतात.
त्याला घाम येऊ द्यायचा.
कडा काचेसारख्या झाल्या
की आपण होऊन सोलला जातो.

किती वेळ?

तिने खांदे उडवले.
आज वारा आहे.

बसलो मग बाकावर.
भाड्याच्या जीपखाली एक कोंबडी
सात पिल्लांना लाल माती उकरायला शिकवत होती.
या बेटावर कोंबड्या कुणाच्याच नाहीत,
शेजारच्या बाकावरून पालाकिको म्हणाला,
म्हणून सगळ्यांच्या आहेत.
त्याच्या ट्रकमध्ये जाळं, आणि एका कानाचा कुत्रा.
कुठले तुम्ही?
नाशिक, नवरा म्हणाला, जणू पुढच्या वळणावरच आहे.
तिथे समुद्र आहे?
नाही. नदी आहे.
मग ठीक, असं म्हणून त्याने मान हलवली.
नदीही नसती तर
त्याला आमची खरंच काळजी वाटली असती.

एकोणीस वर्षं साखर कारखान्यात होता.
झाडांवरून दिसणारं धुराडं बोटाने दाखवलं,
मग नाक वर करून एक वास दाखवला
जो आता तिथे नव्हता.
मला तो सांगावा लागला नाही.
माझं माहेर भोंग्याच्या टप्प्यातलं,
मळीचा वास धुतलेल्या परकरालाही यायचा.
हे त्याला इंग्रजीत सांगायला गेले
आणि परकरापाशी अडकले.
तो हसला. त्याला वास कळला होता.

शेवटी मिसेस अराकाकींनी बोटांची मागची बाजू
बर्फाला लावली,
पोराचा ताप बघावा तशी.

मग पट्टा फिरला, पातं गायलं,
आणि पिंजल्यासारखं पांढरं काही
पडत राहिलं त्यांच्या हातातल्या पेल्यात,
आणि पेला फिरत राहिला तळव्यावर.
खाली गोड शिजवलेले अझुकीचे दाणे,
वरून लिलिकोई, पेरू, निळं काहीतरी.
नवऱ्याला सगळे रंग हवे होते.
तीनच, त्या म्हणाल्या. चौथा घातला की चिखल होतो.

अगं, हा तर गोळाच!
नाही रे.
गोळा ओढायचा असतो, घाईने, कोपरापर्यंत ओघळ येण्याआधी,
आणि रस संपला की उरतो तो फिका, कोरडा खडा.
हा रस धरून ठेवतो.
तळाच्या दाण्यापर्यंत पिवळाच्या पिवळा.
वर लाल भुकटी भुरभुरलेली, खारट आंबट,
दप्तराच्या तळाशी विसरलेली आवळकाठी
तीस वर्षांनी दाताखाली यावी तशी.

चार वाजता फोन वाजला.
त्याने चिकट अंगठ्याने गप्प केला,
काचेवर निळा ठसा.

दुसरी वीट ओट्यावर आली तेव्हा
एक कुटुंब गाडीतून उतरलं, उन्हाने लालबुंद,
वडिलांच्या हातात घडी घातलेला नकाशा.
मिसेस अराकाकींनी तोंड उघडायच्या आत
माझा नवरा, निळ्या जिभेचा,
बाकावर थोडं सरकून त्यांना म्हणाला,
अजून तयार नाही. बसा.
आज वारा आहे.

कोंबडीने त्याच्या पायाशी सांडलेला एक दाणा उचलला,
मान वाकडी करून बघितला,
आणि तसाच ठेवून दिला.