टिंब

दोडामार्गच्या नाक्यावर जाताना बाटल्या मोजतात.
येताना कोणी काही मोजत नाही.
माझे शब्द तसेच आले चंदगडहून,
न उघडता, मांडीवरच्या ट्रंकेसारखे.
पुढच्या सीटवर एक पोर बिस्कीट ढकलत
'नाका, नाका' म्हणत होतं.
मला वाटलं, केवढं हुशार!
नाका तर केव्हाच मागे पडला होता.
त्याला बिस्कीट नको होतं.

म्हापशाच्या हॉस्पिटलात पहिल्याच पाळीला
वॉर्डबॉय इनास ओरडला, 'पळय, पळय!'
मी पळाले.
हातात प्लास्टरच्या पट्ट्यांचा ट्रे,
अख्खा कॉरिडॉर पळाले.
मागून तो, 'राव गो, राव!'
बाईमाणसाला राव म्हणतोय मेला,
म्हणून मी आणखी जोरात.
त्याला खिडकीतून दाखवायचा होता फक्त
पिंपळावर बसलेला धनेश.
बघ, म्हणाला होता. मग थांब, म्हणाला होता.
आठवडाभर मी सगळ्यांची 'पळय सिस्टर'.

हसण्यातले शब्द लवकर मुरतात.
बायल म्हणजे बैल नव्हे, बायको.
उलय म्हणजे बोल
(आमच्याकडे उलते ती भुई, वैशाखात,
नाहीतर ओठ).
तीन महिन्यांत वाटायला लागलं,
झाले मी इथली.

त्या रात्री पाळीवर आले तेव्हा
हाडांच्या वॉर्डाबाहेर बाकावर आपोलीन बसलेली,
शिवोलीची, नऊ नंबरच्या म्हाताऱ्याची लेक.
मांडीवर पेजेचा डबा, झाकण घट्ट.
म्हणाली, 'म्हजो पाय गेलो.'

आमच्या वॉर्डात पाय जातात.
साखरेने जातात, ट्रकखाली जातात,
सकाळी रजिस्टरच्या एका ओळीत मावतात.
मी खाली पाहिलं.
निळ्या पट्ट्यांच्या चपलेत दोन पाय, नीट,
एका अंगठ्यावर जुनं, टवके उडालेलं नेलपॉलिश.
आणि मी विचारलं,
हे मी विचारलं,
'कुठला? उजवा?'

तिने वर पाहिलं. राग नव्हता.
लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं,
'पाय गो. म्हजो बापूय.'

चालतो त्या पायावर तिच्याकडे एक टिंब असतं,
नाकातून किंचित जाणारं, पांय.
टिंब नाही तो बाप.
मोहरीएवढा फरक,
माझ्या कानाला मोहरी लागली नाही.
तिचा शब्द कधीकाळी दर्यावरून आला, गलबतातून,
आणि इथे राहून कुणाकुणाचा बाप झाला.
माझा आला घाट उतरून,
चिखलाने भरलेला.
माय मात्र दोघींकडे माय.
तिथे अडखळले नसते.

बराच वेळ दोघी गप्प.
आत कोणीतरी नऊ नंबरची चादर बदलत होतं.
'मात्शें उदक दी,' ती म्हणाली.

माझ्या गावात उदक तहानेला देत नाहीत.
ते तळहातावरून सोडतात,
दहाव्याला, नदीकाठी, गेलेल्याच्या नावाने.
किंवा एखाद्या गोष्टीवर,
जिची आशा संपली.
मी कूलरचा नळ दाबून ग्लास भरला.
अर्धा तिने पिऊन टाकला.
उरलेलं, जरा थांबून,
खिडकीतल्या कुंडीत ओतलं.
ते कुठल्या भाषेतलं पाणी,
मी विचारलं नाही.
विचारून झालं होतं एकदा.

पहाटे पाचला घरी फोन लावला.
त्या वेळी ते गोठ्यात असतात.
'बाबा, पाय कसे आहेत?'
मागे म्हैस हंबरली, बादली वाजली.
'हायत की दोनीबी,' म्हणाले.
'का गं?'