पात्र

डिचोलीच्या बसस्टँडामागे, झेरॉक्सच्या दुकानात
अर्ध्या टेबलाशी बसून मी
लोकांची कराची विवरणपत्रं भरतो.
उरलेल्या अर्ध्यावर बाबुसोची लॉटरीची तिकिटं.
गर्दी त्याच्याकडे.

जुलैच्या अखेरीस शालन आली.
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं बँकेचं पुस्तक,
आणि कंत्राटदाराने दिलेला एक कागद
चार घड्यांचा, घडीवर फाटलेला.
"हातूंतले म्हजे पयशे कापल्यात," म्हणाली,
शेजाऱ्याचा कोंबडा अंगणात आलाय
हे सांगावं तशी.

वर्षभर काजू सोलले, किलोमागे दर.
प्रत्येक चुकाऱ्यातून वीस टक्के सरकारजमा,
कारण पॅन निष्क्रिय.
तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.
तिला वाटलं होतं, दरच उतरलाय.

मी आकडे मांडले.
उत्पन्न एक लाख आठ हजार.
कर शून्य.
कापलेले एकवीस हजार सहाशे, सगळे परत.
"तुम्ही पात्र आहात," मी म्हणालो.
दिवसातून वीसदा म्हणतो हा शब्द,
त्यावर कुणी थांबत नाही.
ती थांबली.

"पात्रांव?"
"पात्रांव नव्हे. पात्र."
हसली. पात्रांव तिला माहीत होता,
गाडीची काच अर्धीच खाली करून बोलणारा.
आणि पात्र तिने पाहिलं होतं एकच,
देवळाच्या काल्याला, रात्रीच्या नाटकात
नवरा करायचा ते:
भालदाराचं. भाला होता, वाक्य नव्हतं.

"म्हणजे कमी मिळतं म्हणून परत मिळतं?"
"होय."
"आणि कमी मिळतं हे त्यांना आता कळलं?"
याला माझ्या अर्जात रकाना नाही.

मग खरी अडचण निघाली.
पॅनवर शालन सगूण गावस,
आधारवर सुमती बाबी मळीक.
लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव.
तेवीस वर्षांत घरात कुणी त्या नावाने हाक मारली नाही,
नवऱ्यानेसुद्धा नाही.
फक्त सरकारने लक्षात ठेवलं.

या दोघी एकच, हे सांगायला
जोडणीचे हजार रुपये आणि एक अंगठा.
अंगठा ठेवला.
यंत्र म्हणालं, पुन्हा.
पदराला पुसून ठेवला.
पुन्हा.
माझ्या रुमालाला पुसला. तर्जनी घेतली, मधलं बोट घेतलं.
पुन्हा, पुन्हा.
काजूच्या तेलाने रेषा कधीच नेल्या होत्या,
बोटं वाळवंटीतल्या खड्यासारखी गुळगुळीत,
कडेला तेवढी काळी.
मला वाटलं, आता विचारील,
माझी बोटं कुठे जमा झाली ते.
तिने विचारलं, "वीज गेली काय यंत्राची?"

बाबुसो तिकिटं मोजता मोजता म्हणाला,
"डावी करंगळी लाव गो. ती काय काम करत नाय."
करंगळी लावली.
हिरवा दिवा लागला.
एवढ्या माणसातून शासनाने
तेवढीच ओळखली.

"चवथीआधी येतील?"
"सांगता येत नाही."
"माटोळीचं सामान यंदा रोख घेईन म्हटलं."
मी स्क्रीनकडे बघत राहिलो.
तिने माझे दीडशे मोजून दिले.
नको म्हणावं असं मनात आलं,
पण माझंही विवरणपत्र अजून भरायचंय,
उत्पन्न तिच्यापेक्षा थोडंच वर,
आणि दुकानदार टेबलाचं भाडं मागतो पूर्ण.

पावती तिने घडी न घालता
बँकेच्या पुस्तकात ठेवली.
पायरीवर वळून, साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली,
"म्हाका सरकाराकडल्यान पयशे येवपाचे आसात!"

लॉटरीच्या गर्दीतले दोघे-तिघे वळले.
एकाने विचारलं,
कुठला नंबर लागला.