खांब क्रमांक एकशे अठरा

द्वारकेकडून पुढे, उड्डाणपुलाच्या पोटाखाली
चाळीस खांब माझ्या वाट्याला आलेत.
सिंहस्थ जवळ आलाय. ठेकेदार म्हणाला, आधी सगळं पांढरं,
मग कलश, कमळं, नदी. छाप तयार आहेत.

मी एकेकाळचा 'कोठुळे आर्ट्स'.
भद्रकालीतल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या.
अक्षराला पोट असतं, खांदा असतो,
'ळ' वळवताना श्वास धरावा लागतो.
मग फ्लेक्स आला.
ब्रश वाळून केरसुणीसारखे झाले.

एकशे अठरावर निळ्या स्प्रेने कुणीतरी लिहिलेलं:
आम्ही पन इथच राहतो
सहीच्या जागी एक घुबड, डोळे मात्र झकास.
मला राहवेना.
खिशातल्या खडूने 'इथच'ला मात्रा दिली,
'न' खोडून वर 'ण' काढला, चांगला सुबक.

दुसऱ्या सकाळी 'ण'वर निळी काट.
शेजारी बारीक अक्षरात:
मात्रेबद्दल थँक्यू काका.
'पन' राहू द्या. घरी तसंच बोलतो.

दिवसभर दुसरेच खांब रंगवत बसलो.

त्याच खांबाला टेकून कौतिकबाई पाटे टाकवते.
छिन्नीची टकटक, वर ट्रकांचा गडगडाट.
खांबाच्या मागच्या अंगाला तिने कोळशाने
नातवंडांची उंची मांडलेली.
दर आखाजीला एक रेघ.
नाव नाही, लिहिता येत नाही,
म्हणून सोनीला फुली, दाद्याला गोल,
आणि एक त्रिकोण, तीन रेघांनंतर थांबलेला.
मी विचारलं नाही.
ती म्हणाली, रंगवा की, तुमचं काम हाये.

रंगवला.
त्याआधी सुतळी लावून रेघा मापून घेतल्या,
प्रत्येक रेघेला एक गाठ.
पांढरा वाळल्यावर पेन्सिलीने परत मांडल्या,
त्रिकोणही.

पुढच्या बाजूला कलशाचा छाप मारला.
पोट मोठं होतं, रिकामं.
चार नंबरचा ब्रश तेलात भिजवून मऊ केला
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
जाणूनबुजून लिहिलं 'पन'.
'न'ची गाठ भरीव, काना ताठ,
सराफ बाजारातल्या पाटीला शोभेल असा.

ठेकेदाराने फोटो काढला, वाचला नाही.
घुबड अजून फिरकलेलं नाही.
सुतळी खिशातच आहे.
सकाळी चहाला थांबतो तेव्हा
आधी त्या खांबाकडेच बघतो.