जी

रूबेनचा फोन अश्दोदहून, रात्री साडेदहाला.
काका, दगडावर बाबांचं नाव कुठलं घालायचं?
मी म्हटलं, अक्षराला साठ रुपये. नाव तू ठरव.

शाळेच्या दाखल्यावर जेकब.
मशिदीमागचा इस्माईल मुकादम याकूब म्हणे,
माझ्या आजोबाचंही तेच, म्हणून
उधारी मागायला लाजे.
कोर्लईचा सांतियाग मासळी टाकायला येई, शपथेवर सांगे,
फादर म्हणतात, माझं नावसुद्धा ह्यातूनच निघालंय.
ते मला अजून पटलेलं नाही.

घाणा फिरत होता तोवर आख्ख्या रेवदंड्यात तो अकोबजी.
शनिवारी बैल मोकळा, दार लोटलेलं,
तरी कुणीतरी रस्त्यावरून ओरडायचंच,
अकोबजी, वाटीभर तेल!
आतून खोकला फक्त.

एकदा पायरीवर टाचांना भिरंडेल चोळत
त्याने अर्थ सांगितला होता.
जुळ्यातला धाकटा, थोरल्याची टाच धरून बाहेर आला,
म्हणून टाच. एवढंच नाव.
बघ, म्हणाला, आणि पाय पुढे केला.
भेगा अशा की चवली उभी राहावी.

रूबेनने कागदाचा फोटो धाडला. चार अक्षरं.
उजवीकडून सुरू करा हं, काका.
पहिलं तांदळाच्या कणीएवढं, वर लटकलेलं,
साठ रुपये घ्यायची लाज वाटावी असं.
दुसऱ्याचा आवाज घशाच्या तळातून काढतात,
आपल्याला नाही जमत, रूबेन म्हणाला,
बाबांनाही जमत नसे.
तेच सगळ्यात खोल गेलं माझ्याकडून.

खाली इंग्रजीत जेकब, दोन तारखा.
आणि अकोबजी?
तिकडे कुणाच्या तरी ताटाचा आवाज.
मग म्हणाला, वाचणारं कोण उरलंय तिथे?
माझ्या धाकट्याचं नाव याकोव ठेवलंय, काका.
मी विचारलं, हाक मारताना जी लावता?
तो हसला. इकडे नाही लावत.

दगड उभा केला तेव्हा आम्ही तिघे,
त्यात एक टेम्पोवाला.
ते दोघे पाणी प्यायला सुरूच्या सावलीत गेले
तेवढ्यात पायथ्याशी,
जिथे टाचा असतील असा अंदाज धरून,
नुसतं जी कोरलं.
बोटभर. गवत वाढलं की दिसणार नाही.

बिलात ते अक्षर धरलेलं नाही.