तू खाली बघ

तोंग शुन-फा निवृत्त होण्याआधीचे सहा दिवस
मी त्यांच्या मागे मागे फिरले.
दोन हिरव्या मोटारसायकली, चार पिशव्या,
कीलुंगचं बंदर डाव्या हाताला.
मला वाटलं होतं पत्ते शिकवतील.
पत्ते पाकिटावर असतात, म्हणाले.
तू खाली बघ.

हे गटाराचं झाकण. लोखंडी, दोन बोटं वर आलेलं.
यावर ब्रेक दाबायचा नाही, वळायचं नाही,
मनातला बेतसुद्धा बदलायचा नाही.
उधारी थकलेल्या दुकानावरून जातात तसं जायचं,
सरळ.

झेब्राचे पट्टे कोरडे असताना रंग,
ओले झाले की साबण.
आणि आमच्या गावात ते कोरडे असतात कधी?

पहाटेचा लिलाव संपला की मासळीबाजाराच्या उतारावर
वितळलेला बर्फ येतो. त्यात खवले,
फुटक्या आरशाच्या चुऱ्यासारखे.
चमकतंय म्हणून बघत बसू नकोस, म्हणाले,
आणि स्वतः थोडा वेळ बघत बसले.

बाराव्या धक्क्यापाशी कंटेनरचे ट्रक वळतात,
वळताना डिझेल सांडतात.
ते दिसत नाही, नुसता वास येतो.
सर्दी झाली असेल त्या दिवशी
रजा टाक.

सातव्या महिन्यात लोक भुतांना जेवू घालतात,
कागदी नोटा जाळतात रस्त्याच्या कडेला.
मग पाऊस. मग राखेचा लगदा, त्यात फटाक्यांचा लाल कागद.
मेलेल्यांना मनीऑर्डर करायची तर
आपल्याकडे द्यायची होती, म्हणाले,
रस्ता तरी स्वच्छ राहिला असता.

शाळेसमोर जलवाहिनीसाठी खणलेला खड्डा,
त्यावर पोलादी पत्रा. हंगामी.
हंगामाला चार वर्षं झाली.
त्यांनी पालिकेला अकरा पत्रं लिहिली
आणि अकराही स्वतःच नेऊन दिली.
पोच आहे प्रत्येकाची, म्हणाले. उत्तर नाही.

फक्त एका ठिकाणी काही बोलले नाहीत.
देवळाच्या वरचं तिसरं वळण.
तिथे ते उतरले, गाडी हातात धरून
वीसेक पावलं चालले, पुन्हा बसले.
मी विचारलं, इथे काय असतं?
त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. पट्टा आवळलेलाच होता.

*

आठ महिन्यांनी त्यांच्याच नावाचं रजिस्टर माझ्या पिशवीत आलं,
विमा कंपनीचं.
दार त्यांनीच उघडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये.
मोरीत, म्हणाले.
एकतीस वर्षं, आणि शेवटी मोरीत.
आतून बायको ओरडली,
जन्मभर गावाचा रस्ता बघितला माणसाने,
घरची फरशी कुठली बघायला!

पावतीवर त्यांनी डाव्या हाताने शिक्का मारला.
नाव तिरकं उठलं, कलंडल्यासारखं.
दोघांनीही ते बघितलं
आणि दोघंही काही बोललो नाही.

मग म्हणाले, वान-रोंग, तो पत्रा?
काढला, म्हटलं. गेल्या मंगळवारी.
डांबर घातलंय, काळंभोर, एकसारखं.
मला वाटलं खूश होतील.
ताजं डांबर सुरुवातीला तेल सोडतं, म्हणाले,
महिनाभर जप.
आणि दार लावता लावता पुन्हा उघडून म्हणाले,
दीड महिना.

परतताना देवळाच्या वरच्या तिसऱ्या वळणावर
मी उतरले.
नेहमीच उतरते. खाली बघत चालते.
झाकण नाही तिथे, शेवाळ नाही,
ना तेलाचा वास.
गावातला सगळ्यात चांगला रस्ता आहे तो.

वीसेक पावलं.
मग पुन्हा बसते.