अर्ध्या दराची खुर्ची

दुसरी घंटा झाली की खिडकीतले डोर्लीकर
उरलेली तिकिटं अर्ध्यात सोडतात.
बर्डीवरून लुना हाणत मी तेवढ्यासाठी येते.

खांबामागची खुर्ची. राजा दिसत नाही,
नुसता मुकुट, तोही वाकला तर.
पण विंग दिसते.
राणी गुळण्या करते, पदर सावरते, शिरते.
ऑर्गनवाला चपला काढून भाता हाणतो
कूलरच्याही वर.

एकदा पगार झाला म्हणून पुढची रांग घेतली.
सगळं दिसलं. शालूची जरसुद्धा.
पद झालं, वन्समोअर झाला,
राणी आत गेली
आणि पाणी प्याली की नाही
याचाच घोर लागला.

मध्यंतरात डोर्लीकर म्हणाले,
"काय जी, आज तुमची खुर्ची
रिकामीच गेली नं बाप्पा!"